भाव पडला की मळा उघडतो: सासवडजवळच्या फुलशेतीवरील मुक्काम

सासवडहून जेजुरीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडे आत, हलक्या मुरमाड जमिनीवर एका कुटुंबाची साडेतीन एकरांची फुलशेती आहे. झेंडू, अष्टर, गुलछडी, शेवंती आणि दहा गुंठ्यांच्या पॉलिहाउसमधील जरबेरा अशी तिथली पिके असून माल वर्षानुवर्षे पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डातील फूलबाजारात जात आला आहे. अलीकडे या कुटुंबाने मळ्यालाच कृषी पर्यटन केंद्राचे रूप दिले असून दिवसाची सहल आणि एका रात्रीचा मुक्काम अशा दोन्ही सोयी केल्या आहेत. सध्या येणारे पाहुणेच घरच्या माणसांना जेमतेम झेपतात, त्यामुळे केंद्राचे नाव छापू नये अशी मालकांची विनंती आहे आणि ती मी पाळत आहे. तरीही हे परीक्षण लिहावेसे वाटले, कारण पुरंदर तालुक्यात अशी केंद्रे आता बरीच निघाली आहेत आणि त्यांपैकी कोणत्याही ठिकाणी जाण्यापूर्वी काय पाहावे व काय विचारावे हे या एका मळ्यावरून पुष्कळसे कळते.

निकाल आधीच सांगून टाकतो. योग्य महिना निवडून, आठवड्याच्या मधल्या वारी, मुक्कामाला गेल्यास येथे दिलेला पैसा वसूल होतो. रविवारच्या एकदिवसीय सहलीला गेल्यास जे मिळते ते पुण्याच्या आसपासच्या कोणत्याही रिसॉर्टवर मिळते आणि तेथे निदान पोहण्याचा तलाव तरी असतो.

महिन्यावर इतका भर देण्याचे कारण फुलशेतीच्या स्वभावात आहे. फुले बाजारासाठी लावलेली असतात आणि बाजाराला फूल हवे असते ते नेमके सणासुदीला. शहरातील लोकांना सुट्टीही त्याच दिवसांत असते. दसऱ्याच्या आदल्या दोन दिवसांत येथे येणाऱ्या पाहुण्याला केशरी शेत पाहायला मिळेल असे वाटते, पण त्याला दिसतात ती तोडून रिकामी झालेली हिरवी झाडे, क्रेटांची चळत, टेम्पोची घाई आणि बोलायलाही सवड नसलेली घरची माणसे. बघण्याजोगे शेत म्हणजे न तोडलेले शेत, आणि ज्या दिवशी भाव असतो त्या दिवशी शेत न तोडणे शेतकऱ्याला परवडत नाही. फुलांच्या मळ्याचे पर्यटन केंद्र करू पाहणाऱ्या प्रत्येकाला ही अडचण सोडवावी लागते, आणि बहुतेक जण ती न सोडवताच फाटकावर कमान उभारून मोकळे होतात.

या कुटुंबाने काढलेला तोडगा मला फार समंजस वाटला. झेंडूची लागवड ते एकदम न करता टप्प्याटप्प्याने करतात. लागवडीनंतर साधारण दोन महिन्यांनी झेंडू फुलावर येतो, हा हिशोब धरून पहिले दोन तुकडे गणपती आणि दसऱ्याच्या बाजारासाठी धरले जातात आणि तिसरा तुकडा असा लावला जातो की तो दिवाळीनंतर ऐन बहरात येईल. दिवाळी सरली की झेंडूचा भाव असा कोसळतो की कित्येकदा तोडणीची मजुरी आणि गाडीभाडेही सुटत नाही. मग अनेक शेतकरी उभ्या पिकात रोटाव्हेटर फिरवतात. येथे तोच तुकडा न तोडता राखला जातो आणि नोव्हेंबरच्या मध्यापासून पुढचे काही आठवडे तो पाहुण्यांना दाखवला जातो. बाजारात ज्या फुलाला गिऱ्हाईक नाही त्याच फुलापासून फाटकावर उत्पन्न मिळते. शेतीचे पर्यटन म्हणून जे काही चालते त्यात इतका सरळ आणि शेतकऱ्याच्या डोक्यातून निघालेला हिशोब मी क्वचितच पाहिला आहे. भाव असलेला माल बाजारात पाठवायचा आणि नसलेला जागेवर दाखवायचा, एवढेच त्याचे सूत्र आहे. पर्यटनासाठी बाजार सोडायचा नाही, हा निश्चय त्यामागे आहे.

मुक्कामातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे पहाटेची गुलछडीची तोडणी. ती ऐच्छिक आहे आणि पहाटे पाच वाजता सुरू होते, त्यामुळे बरेच पाहुणे तिला मुकतात. गुलछडीचे सुटे फूल कळी पूर्ण वाढलेली पण उमललेली नसताना तोडावे लागते. ऊन वर आले की कळ्या उमलतात आणि बाजारात पोहोचेपर्यंत माल मऊ पडतो. म्हणून तोडणारी माणसे कपाळाला बॅटरी बांधून आणि कमरेला कापडाची ओटी खोचून सरीत उतरतात. येथे ‘प्रज्वल’ ही बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने विकसित केलेली जात आहे. तिच्या कळीच्या टोकावर फिकट गुलाबी छटा असते आणि उमलल्यावर फूल शुभ्र दिसते. बॅटरीच्या उजेडात ती गुलाबी छटा ओळखून कोणती कळी आज घ्यायची आणि कोणती उद्यावर ठेवायची हे ठरवायचे असते. आमच्यातील एक भगिनी टपोऱ्या दिसतील त्या सगळ्या कळ्या ओरबाडू लागल्या तेव्हा शेजारच्या सरीतील मावशींनी हात न थांबवता म्हटले, “अहो ताई, खालून वर या. दांड्याच्या खालच्या कळ्या आधी तयार होतात, वरच्या पोरी अजून लहान आहेत.” तासाभराच्या कामानंतर आम्हा चौघांच्या ओट्या एकत्र केल्या तरी त्या एका बाईंच्या निम्म्याही भरल्या नाहीत. गजऱ्याच्या किमतीवरून घासाघीस करण्याची सवय असलेल्यांनी ही एक पहाट जरूर अनुभवावी.

तोडलेली फुले विकत घ्यायची असल्यास ती वजनावर मिळतात आणि दर असतो त्या दिवशीचा मार्केट यार्डाचा. पडवीतील फळ्यावर आदल्या दिवशीच्या विक्रीची पट्टी टाचणीने लावलेली असते. तिच्यावर आलेले वजन, मिळालेला भाव आणि त्यातून वजा झालेला खर्च हे सारे ज्याला वाचायचे असेल त्याने वाचावे. बहुतेक पाहुण्यांचे तिच्याकडे लक्षही जात नाही. ज्यांचे जाते ते मात्र त्यानंतर हिशोबाविषयीच प्रश्न विचारू लागतात, आणि मालकही त्यांची उत्तरे मोकळेपणाने देतात. मला वाटते, या केंद्रावरील सगळ्या फलकांत हा एक कागद सर्वांत बोलका आहे.

जरबेराचे पॉलिहाउस सकाळी नऊच्या सुमारास दाखवले जाते. येथे पाहुण्याला फूल स्वतः काढू देतात, पण आधी एकदा करून दाखवतात. जरबेराचा दांडा कात्रीने कापायचा नसतो. तो बुडाशी धरून बाजूला किंचित वाकवत उपसायचा असतो, कारण कापल्यास मागे उरलेला खुंट कुजतो आणि रोपाच्या गाभ्याला बुरशी लागते. फूल तयार झाले की नाही हे पाकळ्यांवरून न पाहता मधल्या चकतीवरून पाहतात; चकतीच्या कडेच्या एक-दोन रांगा उमलल्या की ते काढणीला आले. काढलेले फूल लगेच पाण्याच्या बादलीत जाते, मग प्रत्येक फुलावर प्लास्टिकची छोटी टोपी चढते आणि दहा-दहा फुलांच्या जुड्या बांधल्या जातात. लग्नाच्या मांडवात ही फुले पाहिलेल्या माणसाला टोपी चढवण्याच्या या कामात विशेष गंमत वाटते आणि मुले तर तेथून हलायला तयार होत नाहीत.

संध्याकाळी शेवंतीच्या एका छोट्या तुकड्यावर दिवे लावले जातात. पाहुण्यांना ती रोषणाई वाटते आणि छायाचित्रांसाठी झुंबड उडते, पण त्यामागे शेतीचे कारण आहे. शेवंती हे लहान दिवसाचे झाड आहे. रात्र लांबली की ते कळीवर येते. रात्री काही वेळ उजेड दिला की रात्र तुटते, झाड वाढतच राहते आणि फुलोरा हवा तेवढा पुढे ढकलता येतो. थोरल्या भावाने हे पाच मिनिटांत इतके सोपे करून सांगितले की शाळेतील मुलांच्याही ध्यानात आले. समजावून सांगणारा माणूस घरातला असला म्हणजे काय फरक पडतो, ते अशा वेळी कळते. पगारी गाइडला ही माहिती असते, पण मागच्या वर्षी दिवे उशिरा लावल्यामुळे नेमके काय झाले हे त्याला माहीत नसते.

दुपारच्या कार्यक्रमांपैकी झेंडूच्या रंगात रुमाल रंगवण्याचा कार्यक्रम उत्तम आहे. शिळ्या, विक्रीयोग्य न राहिलेल्या फुलांच्या पाकळ्या उकळून रंग काढतात, कापड आधी तुरटीच्या पाण्यात भिजवलेले असते, आणि त्यावर झळझळीत पिवळा रंग चढतो. लोखंडाचे पाणी मिसळलेल्या दुसऱ्या पातेल्यात तोच रुमाल बुडवला की रंग शेवाळी होतो. गजरा आणि वेणी करण्याचे वर्ग घरातील आजी घेतात. केळीच्या सोपटात त्या ज्या वेगाने फुले गुंफतात त्याची नक्कल कोणालाही जमत नाही, पण शिकवण्यात त्यांना खरा रस आहे आणि चुकणाऱ्याला त्या हसत नाहीत.

गुलकंदाबद्दल मात्र सावध राहावे. दुकानवजा खोलीत ‘मळ्यातला गुलकंद’ म्हणून बरण्या मांडलेल्या आहेत. बांधावर गावरान गुलाबाची मोजकी झाडे आहेत आणि त्यांच्या पाकळ्यांचे खडीसाखरेबरोबर थर देऊन बरण्या उन्हात ठेवलेल्याही दिसतात, परंतु तेवढ्या झाडांतून तेवढ्या बरण्या भरणार नाहीत हे कोणालाही समजेल. विचारल्यावर धाकट्या सुनेने बहुतेक माल बाहेरून आणतो असे प्रांजळपणे सांगितले. न विचारणाऱ्याला ते कळत नाही. बरणीवरील चिठ्ठी बदलण्याला काहीच खर्च येत नाही आणि ती बदलावी.

याहून गंभीर मुद्दा फवारणीचा आहे. फुले खाण्यासाठी नसल्यामुळे फुलपिकांवर कीडनाशकांचा वापर मोकळ्या हाताने होतो. फुलकिडे, लाल कोळी आणि मावा यांच्यापुढे शेतकऱ्याला दुसरा उपायही कित्येकदा नसतो. या मळ्यात फवारलेल्या तुकड्याच्या तोंडाशी लाल फडके बांधतात आणि तेथे पाहुण्यांना सोडत नाहीत, ही चांगली गोष्ट आहे. फवारणी संध्याकाळी, मधमाश्या पेट्यांत परतल्यावर करतात, हेही योग्यच आहे. पण आरक्षण करताना याबद्दल काहीच सांगितले जात नाही. आम्ही गेलो तेव्हा अष्टरचा जो तुकडा पाहायचा म्हणून मुद्दाम तो आठवडा निवडला होता, त्यालाच फडके लागलेले होते. त्याहूनही वाईट म्हणजे एका कुटुंबातील लहान मूल पाकळ्या तोंडात घालत होते आणि फडक्याचा अर्थ त्याच्या पालकांना कोणी सांगितलेला नव्हता. फडक्याशेजारी चार शब्दांची पाटी आणि आरक्षणाच्या वेळी फोनवर एक वाक्य, इतके पुरेसे आहे. कोणत्याही फुलशेतीवर मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी शेवटची फवारणी कधी आणि कोणत्या तुकड्यावर झाली हे आधी विचारावे. उत्तर देण्यास जो मालक कांकू करेल त्याच्याकडे जाऊ नये.

राहण्याची व्यवस्था साधी आहे. फुले साठवण्याच्या जुन्या शेडचे रूपांतर करून काढलेल्या चार खोल्या, स्वच्छ चादरी, गरम पाणी सकाळी आठपर्यंत. भिंती पातळ असल्यामुळे शेजारच्या खोलीतील गप्पा ऐकू येतात. पाण्याबाबत पाहुण्यांना जपून वापरण्याची सूचना आहे आणि ती रास्त आहे, कारण पूर्व पुरंदर हा पर्जन्यछायेचा भाग असून येथील शेती विहीर, शेततळे आणि उपसा सिंचनाच्या पाण्यावर कशीबशी तगते.

जेवणाविषयी लिहिण्यासारखे बरेच आहे. हिवाळ्यात गेल्यास ताज्या वाटाण्याची उसळ मिळते, आणि पुरंदरच्या वाटाण्याची गोडी ज्यांनी चाखली आहे त्यांना त्यापुढे काही सांगायला नको. बाजरीची भाकरी, वांग्याचे भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि एका रात्री केलेले हुलग्याचे शेंगोळे हे सारे घरच्या हातचे होते. मासवडी आधी सांगितल्यास करतात. तिचा रस्सा झणझणीत असतो आणि पाहुणा पुण्याचा आहे म्हणून त्यात तिखट कमी केले जात नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेल्यास शेजारच्या बागेतील ओली अंजिरे मिळण्याचा संभव असतो. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण मानांकनापेक्षा झाडावर पिकलेले अंजीर त्याच दिवशी खाण्यात जो फरक आहे तो महत्त्वाचा. न्याहारीला मात्र ब्रेड आणि जॅम कशासाठी ठेवतात, ते समजले नाही.

रविवारचे केंद्र हे याच जागेवरचे दुसरेच केंद्र असते. सकाळी दहापासून गाड्या येऊ लागतात, ध्वनिवर्धकावर गाणी लागतात, रेन डान्सचे फवारे सुरू होतात आणि अलीकडे उभारलेल्या हृदयाच्या आकाराच्या कमानीपुढे रांग लागते. पाणी जपून वापरा अशी पाटी लावलेल्या मळ्यात रेन डान्स असावा यातील विसंगती मालकांना दिसत नाही असे नाही. सहलीच्या गटांची ती मागणी असते आणि त्या गटांच्या पैशातून कर्जाचा हप्ता जातो, असे त्यांचे म्हणणे आहे. ते खोटे नाही. पण यंदा कमानीच्या मागे सूर्यफूल आणि कॉसमॉस यांचा जो पट्टा लावला आहे तो केवळ छायाचित्रांसाठी आहे. त्यातील एकही फूल बाजारात जात नाही. तिसऱ्या तुकड्यातील झेंडूचा हिशोब ज्या डोक्यातून निघाला त्याच डोक्यातून हा पट्टा निघाला यावर माझा विश्वास बसत नाही. पट्टा वाढत गेला तर हळूहळू मळाच कमानीसाठी लावला जाईल, आणि मग पहाटेच्या तोडणीला बोलवायला कोणती गुलछडी उरणार आहे?

महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले आणि पर्यटन संचालनालयाकडे अशा केंद्रांची नोंदणी होऊ लागली. या केंद्राची नोंदणी झालेली आहे आणि प्रमाणपत्र पडवीत लावलेले आहे. नोंदणीकृत केंद्राला बँकेत कर्जासाठी उभे राहणे सोपे जाते, हा मालकांचा अनुभव आहे. पाहुण्याच्या दृष्टीने प्रमाणपत्राने जेवणाची चव वाढत नाही, परंतु तक्रार करायची वेळ आली तर ती कोठे करायची हे त्यामुळे ठरते, म्हणून अनोळखी केंद्राकडे ते मागावे.

दर वाजवी आहेत. एकदिवसीय सहलीला प्रौढांस ७०० रुपये घेतात, त्यात न्याहारी व दुपारचे जेवण येते. मुक्कामाला माणशी १,८०० रुपये असून त्यात दोन जेवणे, न्याहारी आणि सर्व कार्यक्रम धरलेले आहेत. फुले, रुमाल आणि गुलकंद यांचे पैसे वेगळे. दहा वर्षांखालील मुलांना निम्मा दर आहे. सोमवार ते गुरुवार थोडी सवलत मिळते, पण ती मागावी लागते.

जाण्यासाठी सर्वांत चांगला काळ नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा. त्या वेळी राखलेला झेंडू, अष्टर आणि शेवंती एकाच वेळी पाहायला मिळतात आणि पहाटेची थंडी तोडणीला सुसह्य करते. गुलछडी मात्र कडाक्याच्या थंडीत कमी येते, म्हणून तिच्यासाठीच जायचे असेल तर नोव्हेंबर उजवा. एप्रिल-मे टाळावा, कारण उघड्या शेतात मोगऱ्याच्या एका पट्ट्याखेरीज फारसे काही नसते आणि पॉलिहाउसमध्ये पाच मिनिटेही उभे राहवत नाही. आषाढी वारीची पालखी पुणे-सासवड रस्त्यावरील दिवे घाटातून जाते त्या दिवशी रस्ता बंद असतो, हे लक्षात ठेवून तारीख ठरवावी. सोमवती अमावास्येला जेजुरीची गर्दी असते आणि खोल्या महिनाभर आधीच गेलेल्या असतात. आरक्षण फोनवरच होते, निम्मी रक्कम आगाऊ द्यावी लागते, आणि परतीला हडपसरची कोंडी टाळायची असेल तर दुपारी तीनच्या आत निघून घाट उतरावा.